समावेशक शाळा आणि भाषेचा प्रश्न : मोशी परिसराच्या निमित्ताने

१

पुणे–नाशिक मार्गावर भोसरी मागे टाकून चाकणकडे जाऊ लागले म्हणजे इंद्रायणीच्या अलीकडे मोशी लागते. १९९७ साली हे गाव पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत आले आणि त्यानंतरच्या पाव शतकात त्याचे रूप पालटले. जुने गावठाण राहिले. पण त्याच्या भोवती भोसरी व चाकणच्या कारखान्यांत काम करणाऱ्या कुटुंबांच्या वसाहती उभ्या राहिल्या, आंतरराष्ट्रीय प्रदर्शन व संमेलन केंद्र आले, आणि तेच विशेषण नावात धारण करणाऱ्या शाळाही आल्या. अलीकडे अशा शाळांच्या परिचयपत्रिकांतून या विशेषणाला आणखी एका विशेषणाची जोड मिळू लागली आहे. ते विशेषण म्हणजे 'समावेशक'. वाचनात, लेखनात किंवा गणितात थोडे मागे पडणारे, पण बुद्धीने कोणत्याही प्रकारे उणे नसलेले मूल आमच्या वर्गात इतरांबरोबर शिकेल, असे आश्वासन या शब्दात असते.

हे आश्वासन स्वागतार्ह आहे. ज्या मुलाला कालपर्यंत 'मठ्ठ' किंवा 'आळशी' म्हणून मागच्या बाकावर बसविले जात असे, त्याच्यासाठी वर्गाने आपली रीत बदलावी ही कल्पना आपल्याकडे रुजणे अगत्याचे आहे. प्रस्तुत लेखाचा हेतू कोणत्याही एका शाळेचे गुणदोष सांगण्याचा नाही. 'सौम्य अध्ययनभिन्नता असलेल्या मुलांसाठी समावेशक आंतरराष्ट्रीय शिक्षण' ही जी कल्पना सध्या प्रचारात आहे, तिची भाषाशास्त्राच्या अंगाने चिकित्सा करणे एवढाच तो आहे. या कल्पनेत इमारत, शिक्षकसंख्या, समुपदेशक, परीक्षेतील सवलती या सर्वांचा विचार केलेला असतो. मूल नेमके कोणत्या भाषेत आणि कोणत्या लिपीत अडते, हा प्रश्न मात्र तीत सहसा आढळत नाही. वाचनातील अडचण ही मूलतः भाषेच्या व्यवहारातील अडचण आहे हे लक्षात घेतले, तर ही उणीव किरकोळ म्हणता येणार नाही.

२

'आंतरराष्ट्रीय शाळा' ही संज्ञा मुळात पोकळ नाही. १९२४ साली जिनीव्हा येथे राष्ट्रसंघाच्या व त्याच्याशी संलग्न संस्थांच्या अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी जी शाळा निघाली, तिच्यात निरनिराळ्या राष्ट्रांची व भाषांची मुले खरोखरच एकत्र येत होती. त्याच शहरात १९६८ साली इंटरनॅशनल बॅकलॉरिएट ही परीक्षासंस्था स्थापन झाली, ती देशोदेशी फिरणाऱ्या कुटुंबांच्या मुलांचे शिक्षण खंडित होऊ नये या गरजेतून. पुण्याच्या परिसरातही १९९८ साली मर्सिडीझ-बेंझ इंटरनॅशनल स्कूल या नावाने जी शाळा सुरू झाली, आणि जी आज महिंद्र इंटरनॅशनल स्कूल म्हणून ओळखली जाते, तिच्यामागे उद्योगाबरोबर येथे आलेल्या परदेशी कुटुंबांची गरज होती. या तिन्ही उदाहरणांत 'आंतरराष्ट्रीय' हा शब्द विद्यार्थ्यांचे वर्णन करतो.

मोशीसारख्या वसाहतीत याच शब्दाचा अर्थ सरकलेला दिसतो. येथील पालक लातूर, बीड, जळगाव, सोलापूर या बाजूंनी आलेले असतात, किंवा उत्तर प्रदेश, बिहार, कर्नाटक येथून. त्यांच्या घरांत मराठवाडी बोली, अहिराणी, हिंदी, भोजपुरी, कन्नड अशा भाषा नांदतात. अशा वर्गाला 'बहुभाषक' म्हणणे यथार्थ झाले असते. 'आंतरराष्ट्रीय' म्हटल्यावर मात्र त्या शब्दाने विद्यार्थ्यांचे वर्णन करणे सोडून दिले आणि तो माध्यमाचे वर्णन करू लागला. व्यवहारात त्याचा अर्थ 'इंग्रजी, आणि तीही पहिल्या दिवसापासून' एवढाच उरतो.

येथे एक विसंगती नोंदविली पाहिजे. ज्या संस्थांपासून हे नाव घेतले गेले, त्यांनी मातृभाषेकडे पाठ फिरविलेली नाही. इंटरनॅशनल बॅकलॉरिएटच्या शाळांना आपले लिखित भाषाधोरण ठेवावे लागते आणि मुलाच्या घरच्या भाषेला आधार देणे हा त्या धोरणाचा भाग समजला जातो. शाळेत त्या भाषेचा शिक्षक नसला तरी विद्यार्थ्याने स्वतःच्या भाषेतील साहित्याचा अभ्यास करावा, अशी सोयही तिच्या उच्च माध्यमिक अभ्यासक्रमात आहे. म्हणजे आपण नाव घेतले, पण त्या नावामागील भाषाविषयक विवेक घेतला नाही.

३

'समावेशक' या शब्दाचा इतिहास अधिक अलीकडचा आहे. १९९४ साली स्पेनमधील सालामांका येथे भरलेल्या परिषदेच्या जाहीरनाम्यानंतर तो जगभर प्रचारात आला. आपल्याकडील अपंगांच्या हक्कांसंबंधीच्या १९९५ च्या कायद्यात अध्ययनविषयक अडचणींचा समावेश नव्हता. तो 'विशिष्ट अध्ययन अक्षमता' या नावाने २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात झाला. हा अधिनियम समावेशक शिक्षणाची जी व्याख्या देतो, तिला दोन अंगे आहेत : सर्व मुलांनी एकत्र शिकणे, आणि अध्यापनाची पद्धती निरनिराळ्या मुलांच्या गरजांनुसार योग्य रीतीने बदललेली असणे. पहिले अंग प्रवेशाने साधते. दुसरे साधण्यासाठी शाळेला स्वतःत बदल करावा लागतो. मुलाला वर्गात घेतले आणि वर्ग होता तसाच ठेवला, तर व्याख्येचा निम्माच भाग पुरा होतो.

विशेष म्हणजे हा अधिनियम विशिष्ट अध्ययन अक्षमतेचे स्वरूप सांगताना बोललेली किंवा लिहिलेली भाषा ग्रहण करण्यातील उणीव असेच सांगतो. कायद्याच्या मसुदाकारांनी भाषेला केंद्रस्थानी ठेवले. पण ती भाषा कोणती, हे तेथे सांगितलेले नाही. कायद्याने ते सांगावयास हवे होते असे नाही, परंतु शाळेने ते विचारावयास हवे.

'सौम्य' या विशेषणाचाही येथेच विचार करू. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेनुसार शाळकरी मुलांत अशा अडचणींचे प्रमाण शंभरात पाच ते पंधरा असते. चाळीस मुलांच्या वर्गात म्हणजे दोन ते सहा मुले. यांपैकी ज्यांची अडचण तीव्र असते त्यांना प्रमाणपत्र मिळण्याचा व कायद्याचे संरक्षण मागण्याचा मार्ग असतो. अनेक लाभांसाठी चाळीस टक्क्यांची मर्यादा ठरलेली असल्याने सौम्य अडचणीचे मूल त्या मर्यादेच्या अलीकडे राहते आणि सर्वस्वी शाळेच्या समजुतीवर अवलंबून असते. म्हणून अशा मुलाच्या बाबतीत शाळेची समजूत बरोबर असणे हे तीव्र अडचणीच्या मुलापेक्षाही अधिक निर्णायक ठरते. अडचण सौम्य असली तरी चुकीच्या निदानाचा परिणाम सौम्य असेलच असे नाही.

४

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. 'डिस्लेक्सिया' हा शब्द १८८७ साली जर्मन नेत्रवैद्य रूडॉल्फ बर्लिन याने योजिला. १८९६ मध्ये प्रिंगल मॉर्गन या इंग्रज वैद्याने हुशार असूनही वाचू न शकणाऱ्या एका चौदा वर्षांच्या मुलाचे वर्णन प्रसिद्ध केले. तेव्हापासून दीर्घकाळ या विषयातील बरेचसे संशोधन इंग्रजी वाचणाऱ्या मुलांवर झाले, आणि इंग्रजी वाचनातील अडचण म्हणजेच वाचनातील अडचण, असा समज नकळत दृढ झाला. वस्तुतः लिपी व उच्चार यांचा संबंध इंग्रजीत जितका अनियमित आहे, तितका फार थोड्या भाषांत असेल. सेमूर, आरो व अर्स्किन यांनी २००३ साली तेरा युरोपीय भाषांतील मुलांचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला. शालेय शिक्षणाच्या पहिल्या वर्षाअखेर बहुतेक भाषांतील मुले परिचित शब्द जवळजवळ बिनचूक वाचत होती. इंग्रजीतील मुलांची अचूकता मात्र सुमारे ३४ टक्के होती. ही मुले स्कॉटलंडमधील होती आणि इंग्रजी ही त्यांच्या परिसराची भाषा होती. मोशीतील मुलाला हीच वाट परक्या भाषेतून चालावी लागते.

याहून बोलके उदाहरण वायडेल व बटरवर्थ यांनी १९९९ साली नोंदविलेले आहे. जपानमध्ये वाढलेला, इंग्रजी बोलणाऱ्या आईबापांचा एक सोळा वर्षांचा मुलगा जपानी लिपी उत्तम वाचत होता. इंग्रजी वाचनात मात्र तो फार मागे होता. मूल तेच, मेंदू तोच, आणि अडचण एका लिपीत ठळक तर दुसरीत जवळजवळ अदृश्य. पाउलेसू व सहकाऱ्यांनी २००१ साली इटालियन, फ्रेंच व इंग्रज वाचकांवर केलेल्या अभ्यासाने याला पूरक पुरावा दिला : अडचणीचे मेंदूतील मूळ तिन्ही गटांत समान असले तरी इटालियन वाचकांची प्रत्यक्ष कामगिरी अधिक चांगली होती. याचा अर्थ असा की अडचण मुलात असते हे खरे, पण तिची तीव्रता काही अंशी लिपीवर अवलंबून असते.

देवनागरीबद्दल काय म्हणता येईल? ती सोपी आहे असे सरसकट म्हणणे बरोबर होणार नाही. तिच्यात उच्चाराशी नियमितपणा पुष्कळ आहे. पण शिकावयाच्या आकृतींची संख्याही मोठी आहे. सोनाली नाग यांनी कन्नड मुलांवर केलेल्या व २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अक्षरांवर प्रभुत्व येण्याची क्रिया प्राथमिक शाळेच्या वरच्या इयत्तांपर्यंत चालू राहते असे दिसले. देवनागरीची रचना त्याच प्रकारची असल्याने हा निष्कर्ष आपल्यालाही विचारात घ्यावा लागतो. वैद व गुप्ता यांनी २००२ साली हिंदी वाचकांसंबंधी दाखविले की पहिली वेलांटी, जी लिहिली जाते व्यंजनाच्या आधी आणि उच्चारली जाते नंतर, ती वाचनाचा वेग कमी करते. मराठीत यात आणखी भर पडते. 'सूर्य', 'चक्र', 'राष्ट्र' आणि 'दऱ्या' या चार शब्दांत 'र' चार निराळ्या रूपांनी येतो. 'चहा' आणि 'चाक' यांतील 'च' एकाच अक्षराने लिहिला जातो, पण उच्चार दोन आहेत.

याच कारणाने मराठीतील चुकांचे वर्गीकरण इंग्रजीच्या साच्यातून करता येत नाही. 'पाणी' हा शब्द 'पाणि' असा लिहिणारे मूल अध्ययनभिन्न असेलच असे नाही. इकार-उकारांतील ऱ्हस्व-दीर्घ भेद मराठीच्या नित्य उच्चारात अर्थभेद करण्याइतका ठसठशीत राहिलेला नाही. १९६२ च्या लेखननियमांनी जे ठरवून दिले ते पाठ करावे लागते, आणि सुशिक्षित प्रौढही तेथे चुकतात. उलट 'प्रकाश' ऐवजी 'पकाश' लिहिणे, काना-मात्रा वारंवार गाळणे, 'घ' व 'ध' किंवा 'भ' व 'म' यांची अदलाबदल तिसरी-चौथीपर्यंत टिकून राहणे, या गोष्टींकडे शिक्षकाने लक्ष दिले पाहिजे. पहिल्या प्रकारच्या चुकांना तांबड्या शाईने रंगविणारी आणि दुसऱ्या प्रकारच्या चुका 'घाई' म्हणून सोडून देणारी वही-तपासणी मुलाविषयी काहीच सांगत नाही.

५

समजा, मोशीत राहणारी आणि घरी लातूरकडची मराठी बोलणारी सात वर्षांची मुलगी इंग्रजी शाळेत दुसरीत आहे आणि तिला इंग्रजी वाचता येत नाही. याची कारणे निदान तीन असू शकतात. तिला अजून इंग्रजी भाषाच आलेली नसेल. किंवा ध्वनी व चिन्ह यांची सांगड घालण्यातच तिला अडचण असेल, आणि ती मराठीतही दिसेल. किंवा अडचण सौम्य असल्यामुळे ती इंग्रजीच्या अनियमित लेखनात उघडी पडत असेल व देवनागरीत झाकली जात असेल. या तिन्ही स्थितींवरील उपाय निरनिराळे आहेत. आणि केवळ इंग्रजीतून घेतलेली चाचणी त्यांतला भेद दाखवू शकत नाही.

जिम कमिन्स यांनी कॅनडातील स्थलांतरितांच्या मुलांच्या बाबतीत हाच धोका १९८४ साली दाखवून दिला होता. नव्या भाषेत बोलण्याचा सराईतपणा साधारण दोन वर्षांत येतो, पण अभ्यासाची भाषा आत्मसात व्हावयास पाच वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो. मधल्या काळात मूल चुरचुरीत बोलते म्हणून शिक्षक त्याला भाषा आली असे समजतात आणि अपयशाचे कारण मुलाच्या बुद्धीत किंवा मेंदूत शोधू लागतात. आपल्याकडे उलटी चूकही तितकीच संभवते : 'इंग्रजी अजून कच्चे आहे, होईल हळूहळू' असे म्हणून खऱ्या अडचणीकडे दुर्लक्ष होते आणि मौल्यवान वर्षे निघून जातात.

साधन उपलब्ध नाही ही सबब आता पूर्वीसारखी उरलेली नाही. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने हिंदी, मराठी, कन्नड व इंग्रजी या भाषांसाठी 'डाली' नावाचा चाचणीसंच तयार केला असून तो २०१५ पासून ज्ञात आहे. अर्थात ज्या मुलाला देवनागरी धड शिकविलीच गेली नाही, त्याची मराठी वाचनचाचणी घेऊन निष्कर्ष काढणे हाही अन्यायच होईल. अशा वेळी तोंडी परीक्षा घ्यावी लागते : शब्दातील ध्वनी वेगळे करता येतात का, ऐकलेली गोष्ट क्रमाने सांगता येते का, चित्रांची नावे झटपट आठवतात का. ही परीक्षा मुलाच्या घरच्या भाषेत, आणि शक्य तर त्याच्या बोलीत झाली पाहिजे.

परीक्षेतील सवलतींचा विचार याच संदर्भात करावयास हवा. महाराष्ट्र शासनाने १९९६ पासून अशा मुलांना शालान्त परीक्षेत सवलती दिल्या, आणि २०१६ च्या अधिनियमानेही जादा वेळ व लेखनिक यांबरोबर दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट मान्य केली आहे. हेतू दयेचा आहे आणि अनेक मुलांना तिने तारले आहे, हे मान्य केलेच पाहिजे. पण 'पहिली', 'दुसरी', 'तिसरी' हे क्रमांक लावतो कोण? ते शाळेचे वेळापत्रक लावते. इंग्रजी शाळेत इंग्रजी ही माध्यमभाषा असल्याने ती सोडता येत नाही. सोडली जाते ती मराठी किंवा हिंदी. म्हणजे जी भाषा मुलाच्या आयुष्यात पहिली, ती शाळेच्या हिशेबात दुसरी ठरते, आणि ओझे कमी करावयाचे म्हणून नेमकी तीच काढून घेतली जाते. ज्या लिपीत त्याला कदाचित सर्वांत आधी यश मिळाले असते, ती लिपी त्याच्या हातून जाते. आणि ज्या लेखनपद्धतीत त्याची अडचण सर्वाधिक उघडी पडते, ती एकटी त्याच्या वाट्याला उरते.

महाराष्ट्राने २०२० साली सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा केला. २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीचा आग्रह धरणारा शासननिर्णय निघाला आणि विरोधानंतर त्याच वर्षी जूनमध्ये तो मागे घेण्यात आला. या वादांत भाषांच्या मानाचा पुष्कळ ऊहापोह झाला, पण ज्या मुलाला वाचनच जड जाते त्याने कोणत्या भाषेपासून आरंभ करावा, हा प्रश्न त्या चर्चेत कडेलाच राहिला.

६

या विवेचनावर दोन आक्षेप येतील, आणि दोन्ही गंभीरपणे घेण्यासारखे आहेत. पहिला असा की मोशीतील कामगार किंवा अभियंता आपल्या मुलाला इंग्रजी शाळेत घालतो तो हौसेने नव्हे. कारखान्यातील सूचनाफलकापासून बढतीच्या मुलाखतीपर्यंत इंग्रजीचे वजन त्याने अनुभवलेले असते. अशा पालकाला मातृभाषेचे महत्त्व ऐकविणे, आणि तेही आपली मुले इंग्रजी शाळांत घालणाऱ्यांनी ऐकविणे, हा दांभिकपणा होय. हा आक्षेप रास्त आहे. म्हणून येथे इंग्रजी नको असे म्हटलेले नाही. म्हणणे एवढेच की वाचनाची क्रिया मूल एकदाच शिकते. ती परिचित भाषेत व नियमित लिपीत साधली तर पुढे परक्या लिपीकडे नेता येते. इंग्रजी लवकर सुरू झाली म्हणून ती लवकर येते, हे गृहीत सौम्य अडचणीच्या मुलाच्या बाबतीत तर अधिकच तपासून घेतले पाहिजे.

दुसरा आक्षेप असा की मातृभाषा हा काही उपचार नव्हे. हेही खरे आहे. ज्याच्या अडचणीचे मूळ ध्वनींच्या जाणिवेत आहे, ते मूल मराठीतही सावकाश वाचील आणि जोडाक्षरांपाशी थबकेल. शिवाय अहिराणी किंवा भोजपुरी बोलणाऱ्या मुलाला प्रमाण मराठी हीसुद्धा काहीशी परकीच. मराठी माध्यमाच्या शाळा केवळ माध्यमामुळे समावेशक ठरत नाहीत. तेथेही पाठांतर व शिक्षा यांनी अशी मुले होरपळलेली आहेत. तरीही परक्या भाषेचे ओझे त्या अडचणीवर चढविले नाही, तर निदान अडचण किती आणि ओझे किती हे वेगळे करून पाहता येते. निदानाची पहिली अट तीच आहे.

२००७ साली आलेल्या 'तारे जमीन पर' या चित्रपटाने अध्ययनभिन्न मुलाविषयी मध्यमवर्गात जी सहानुभूती निर्माण केली, तिचे श्रेय त्याला दिले पाहिजे. त्यातील शिक्षक मुलाच्या वडिलांपुढे परकीय लिपीतील मजकूर धरतो आणि तो वाचावयास सांगतो. वडिलांना ते जमत नाही, आणि मुलाची अवस्था त्यांच्या ध्यानात येते. तेथे परकी लिपी ही केवळ उपमा होती. मोशीतील अनेक मुलांच्या बाबतीत ती वस्तुस्थिती आहे, आणि उपमा समजणाऱ्या आपल्या समाजाला ही वस्तुस्थिती अजून दिसावयाची आहे.

७

शाळेने मुलाप्रमाणे बदलावे ही कल्पना महाराष्ट्राला बाहेरून आणावी लागावी, असे नाही. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे व पुढे १९५७ पासून कोसबाड येथे आदिवासी मुलांसाठी जे काम केले, त्याचे सूत्र हेच होते. मूल शाळेत येत नाही तर शाळा त्याच्या अंगणात गेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ती कुरणात गेली. साधने गारगोट्या, शिंपले, पाने, बिया अशी परिसरातली होती आणि बोलणे मुलांच्या ओळखीचे होते. या प्रयोगांवर 'समावेशक' असा फलक नव्हता. तसेच 'आंतरराष्ट्रीय' हा शब्द इंग्रजीशी बांधलेला असलाच पाहिजे असेही नाही; २०१८ च्या सुमारास राज्य शासनाने महाराष्ट्र आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळ स्थापून काही जिल्हा परिषद शाळांत मराठी माध्यमातून तसा प्रयत्न आरंभिला होता. काही वर्षांतच ते मंडळ गुंडाळले गेले, आणि त्या प्रयोगाचे शैक्षणिक मूल्यमापन होण्याची संधी आपण गमावली.

तेव्हा एखादी शाळा स्वतःला समावेशक म्हणवीत असेल तर तिला चार प्रश्न विचारता येतील. प्रवेशाच्या वेळी मुलाच्या घरच्या भाषेची नोंद होते काय? अडचणीची शंका आल्यास चाचणी त्या भाषेतही घेतली जाते काय? मदत करणारा शिक्षक ती भाषा जाणतो काय? आणि भाषेतून सूट देताना कोणती भाषा सोडावयाची, हे मुलाकडे पाहून ठरते की वेळापत्रकाकडे पाहून? या प्रश्नांना मोठा खर्च लागत नाही. उत्तरे 'नाही' अशी आली, तर शाळेने मुलाला आत घेतले पण त्याची भाषा दाराबाहेर ठेवली, असे म्हणावे लागेल.

आपल्या विभागाकडेही यातले काही काम येते. मराठी मुले कोणत्या वयात कोणत्या लेखनचुका करतात व त्या केव्हा नाहीशा होतात, याचा वयवार संग्रह. बालभारतीच्या पहिल्या चार इयत्तांच्या पुस्तकांतील जोडाक्षरांची वारंवारता. बोलीभाषक मुलांसाठी तोंडी चाचण्यांचे नमुने : हे पदव्युत्तर प्रबंधांचे साधे, करण्यासारखे विषय आहेत. मोशी, भोसरी व चाकण येथील प्राथमिक शिक्षकांपाशी या चुकांचे ढीग वह्यांच्या रूपाने दरवर्षी जमतात आणि उन्हाळ्यात रद्दीत जातात. मुलांची नावे झाकून व पालकांची संमती घेऊन त्या वह्या वाचावयास बसणे, हा या अभ्यासाचा आरंभ ठरू शकेल.